नऊ वॅटची काटकसर

"बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला?"

हे आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य. वडील ते रोज रात्रीच्या जेवणानंतर म्हणायचे. त्यांच्या मागे घर, दोन सागवानी खुर्च्या आणि गुडघेदुखी यांच्यासोबत तेही माझ्याकडे आलं. फरक एवढाच, की वडिलांनी ते म्हटलं की आम्ही तिघं भावंडं एकदम बाथरूमकडे धावायचो. मी म्हटलं की मुलगी कानातला इअरफोन काढून विचारते, "बाबा, काही म्हणालात का?"

आम्ही राहतो नागपुरात. इथे मे महिन्यात पारा 45च्या खाली उतरला तर लोक एकमेकांना "आज जरा बरं आहे" असं सांगतात. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत भर दुपारी रस्त्यावर फक्त दुपट्टे फिरताना दिसतात. आत कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं.

अशा गावाचं कुलदैवत कूलर. होळीची राख निवते न निवते तोच तो गच्चीवरून खाली उतरतो. मग त्याचा पत्रा खरवडायचा, तळाला डांबर फासायचं, जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, पंप हातात घेऊन त्याला चार शब्द सुनवायचे आणि शेवटी मोटर सुरू करून दोन पावलं मागे उभं राहायचं. वाळ्याच्या ताटीवर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो, त्यापुढे परफ्यूमच्या महागड्या बाटल्या झक मारतात. कूलरला हात लावायचाही शिष्टाचार आहे. पायात रबरी चप्पल घालायची आणि बोटांच्या पाठीने पत्र्याला हळूच शिवून पाहायचं. करंट असेल तर हात आपोआप मागे येतो आणि तोंडातून जे निघतं ते आई ऐकत नाही ना, एवढं बघायचं.

कूलरचं शास्त्र साधं आहे. पाणी हवेत उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं ते छान उडतं, म्हणून नागपुरात कूलर राजा आणि मुंबईत नुसता ओलसर पंखा. आमचा कूलर पंपासकट दोनशे वॅटच्या आत भागवतो. सात वर्षांत त्याने बिलाला कधी धक्का लावला नाही. (मला लावला, पण तो वेगळा.)

एसी घरात आला तो मुलीच्या नोकरीमुळे. तिची कंपनी पुण्याची. एप्रिलमध्ये ती लॅपटॉप घेऊन घरी आली आणि हॉलमध्ये कूलरसमोर बसून मीटिंगा घेऊ लागली. तिसऱ्या दिवशी तिच्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही विमानतळावर आहात का?" चौथ्या दिवशी विचारलं, "विमान अजून सुटलं नाही का?" आमचा कूलर तसा आवाजाला मोकळाच आहे. त्यातच लॅपटॉप गरम होऊन बंद पडू लागला. "माझं जाऊ द्या बाबा, पण लॅपटॉपसाठी तरी..." असं मुलगी म्हणाली तेव्हा मी विरघळलो.

यंत्रासाठी एसी घेणारे आपण काही पहिले नाही, हे मला नंतर कळलं. विलिस कॅरिअर नावाच्या इंजिनिअरने 1902 साली आपली यंत्रणा आखली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. म्हणजे पहिला मान कागदाचा. माणसाचा नंबर पुढे लागला, आणि आमच्या घरात तर तो लॅपटॉपनंतर लागला.

दुकानातल्या मुलाने पहिलाच प्रश्न टाकला, "काका, किती टनाचा पाहिजे?" मी वजनावर एसी घ्यायला आलो नव्हतो. पण त्या टनाचा अर्थ मोठा मजेशीर आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. हा टन अमेरिकन, 2000 पौंडांचा, सुमारे 907 किलोचा. तेव्हा दीड टनाचा एसी म्हणजे रोजचा साडेतेराशे किलो बर्फ. घरी येऊन आईला हे समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "मग वितळल्यावर पाणी कुठं जाईल?" आम्ही सगळे हसलो. ते हसू पुढे महागात पडलं.

मग ताऱ्यांचा प्रश्न आला. जितके तारे जास्त तितकी वीज कमी, पण तितकी किंमतही जास्त. त्यात हे तारे कायमचे नसतात. दर काही वर्षांनी सरकारी मोजपट्टी कडक होते आणि कालचा पाच तारेवाला आज चारावर किंवा तिनावर येतो. आमच्या वेळच्या मॅट्रिकच्या फर्स्ट क्लासचं आज जे झालंय तेच. मी तीन ताऱ्यांचा घेतला. पाच ताऱ्यांत राहायची आम्हाला सवय नाही.

एसी भिंतीवर चढला आणि घराचं संविधान बदललं. पहिल्या दिवशी सगळे बेडरूममध्ये जमले. आई, बायको, मुलगी, मी आणि सहज म्हणून आलेला साळा, जो सहज म्हणून मुक्कामीच राहिला. सरकारने 1 जानेवारी 2020 पासून तारांकित एसी सुरू होताना 24 अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम केला आहे. 2025 च्या जूनमध्ये तर केंद्रीय वीजमंत्र्यांनी एसी 20 ते 28 अंशांच्या मर्यादेतच चालावेत असा बेत बोलून दाखवला. दिल्लीत जे नुसतं बोलण्यात होतं ते मी घरात पहिल्याच रात्री लागू केलं: 26 अंश, वर पंखा दोनवर आणि रिमोट माझ्या उशीखाली. एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं सरकारच सांगतं. पण मला झोप लागली की रिमोट उशीखालून निघायचा आणि पहाटे मला थंडीने जाग यायची तेव्हा भिंतीवर 18 दिसायचा. बाहेर रात्रीसुद्धा 32 अंश आणि आमच्या घरात माळ्यावरून गोधड्या उतरल्या होत्या. आईने स्वेटर घातला. नागपूरच्या मे महिन्यात स्वेटर घातलेली बाई पाहून दूधवाला दोन दिवस काळजीत होता.

"18 केलं म्हणजे लवकर थंड होतं," असं साळ्याचं म्हणणं. तसं काही होत नाही. 24 ला काय आणि 18 ला काय, गरम खोलीत यंत्र आधी पूर्ण ताकदीनेच पळतं. 18 ला फक्त थांबायचं विसरतं. हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो गोधडीत असल्यामुळे त्याला नीट ऐकू गेलं नसावं.

आणि मग मेचं बिल आलं.

मार्चमध्ये आमची युनिटं होती 146 आणि बिल चौदाशेच्या आसपास. मेची युनिटं 571, बिल आठ हजारांच्या वर. माझं आयुष्य बँकेत गेलं. युनिटं चौपट आणि रुपये साडेपाचपट, हा हिशेब मला पटेना. चष्मा पुसून बिल उलटं-सुलटं वाचलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. एवढे आकार पाहून माझा आकार बदलला. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. पण खरी गोम टप्प्यांत आहे. पहिल्या 100 युनिटांना एक दर, 101 ते 300 ला त्याच्या दुपटीहून जास्त, 301 ते 500 ला आणखी वरचा आणि पाचशेच्या पुढे सर्वांत चढा. फ्रिज, पंखे, मिक्सर हे जुने भाडेकरू तळमजल्यावर स्वस्तात राहतात. एसी नंतर आलेला, म्हणून त्याचं प्रत्येक युनिट वरच्या मजल्यावर, महाग खोलीत उतरतं. अन् या वास्तव्याचं भाडं मी भरतो. कोराडीची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. वीज तयार होते ती आमच्या अंगणात. पण अंगणातल्या वस्तूला सूट असते, असं कुठे लिहिलेलं नाही.

मी तपास हाती घेतला. आठवडाभर घरात गस्त घातली. देवघरातला दिवा (विजेचा), जिन्यातला दिवा, टीव्हीचं लाल टिपूस, सगळं विझवत हिंडलो. बाथरूमच्या बाहेर तर अक्षरशः पहारा दिला. शेवटी मुलीने कॅल्क्युलेटर पुढे केला.

"बाबा, बाथरूमचा बल्ब किती वॅटचा?"

"नऊ."

"म्हणजे एक युनिट जाळायला त्याला एकशेअकरा तास लागतात. एसी पूर्ण ताकदीने चालला की दीड हजार वॅट घेतो, म्हणजे चाळीस मिनिटांत एक युनिट. तुमचा बल्ब महिनाभर रात्रंदिवस चालू ठेवला तरी साडेसहा युनिटं. एसी तेवढी साडेचार तासांच्या आत खातो."

घरात शांतता पसरली. फक्त एसीचा आवाज येत होता.

त्या रात्री मला वडिलांची आठवण झाली. त्यांच्या बाथरूममधला बल्ब साठ वॅटचा होता, पिवळा, वर माशा बसलेला. तो महिनाभर जळता तर त्रेचाळीस युनिटं गेली असती. त्यांच्या ओरडण्यात वजन होतं ते साठ वॅटचं. मी वाक्य तेवढं वारशाने घेतलं, वॅट घ्यायचे राहिले. आठ हजारांची चोरी उशीखालच्या रिमोटने होत होती आणि मी नऊ वॅटच्या मागे काठी घेऊन फिरत होतो.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने एसीचं झाकण उघडलं, आतली जाळी बाहेर ओढली आणि ती माझ्या नाकासमोर धरली. "काका, हे फिल्टर कधी धुतलं होतं? याच्यात तं गहू पेरता येते!" मग त्याने दारातून हॉलमध्ये डोकावून पाहिलं. तिथे कूलर गर्जत होता. बेडरूमचं दार सदा अर्धं उघडं, कारण येजा चालू.

"दोनी सोबतच चालवता का?"

"हो. हॉल कूलरने थंड, खोली एसीने."

तो कपाळाला हात लावून खुर्चीत बसला. "काका, कूलर हवेत पाणी टाकून राहिला. एसी तेच पाणी हवेतून काढून राहिला. अन् तुम्ही दोघायचं बिल भरून राहिले."

खरं आहे. हवा थंड करताना एसीला तिच्यातली वाफही पिळून काढावी लागते आणि त्यातही वीज जाते. पिळलेलं पाणी नळीने बाहेर पडतं. मेकॅनिक ते बघायला गॅलरीत गेला. नळीखाली आमची पितळी बादली होती, काठोकाठ भरलेली. तेवढ्यात आई आली. तिने ती बादली उचलली, हॉलमध्ये नेली आणि कूलरच्या टाकीत रिकामी केली.

"महिन्यापासून हेच करते," ती अभिमानाने म्हणाली. "पाणी वाया कशाला घालवायचं?"

कूलरमधून हवेत, हवेतून एसीत, एसीतून बादलीत, बादलीतून पुन्हा कूलरमध्ये. आमच्या घरात एक अख्खं जलचक्र फिरत होतं आणि ढगाचं काम मी भाडोत्री करून घेत होतो. वितळल्यावर पाणी कुठं जाईल, हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

मेकॅनिकने फिल्टर धुतलं, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबला, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावायला सांगितलं आणि जाताना एक अट घातली: "दोघांपैकी एक." तेव्हापासून दिवसा कूलर, मीटिंगपुरता आणि रात्रीचे तीन तास एसी. साळा आपल्या घरी गेला. तेही मी तांत्रिकदृष्ट्या काटकसरीतच धरतो. बाहेर काढलेली उष्णता मात्र आता शेजारच्या खिडकीसमोर फुंकली जाते, आणि परवा शेजाऱ्यांच्या घरी दुकानातला तोच मुलगा टेप घेऊन भिंत मोजताना दिसला. मी आत येऊन दार लावलं.

जूनचं बिल कालच आलं. 298 युनिटं. तिसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्याच्या दोन युनिटं अलीकडे. दोन युनिटं म्हणजे बाथरूमचा दिवा दोनशे बावीस तास विझलेला असणं, आणि हे तास मी स्वतः, हाताने, बटण दाबून विझवलेले आहेत. ती दोन युनिटं माझी, असं मी बिल हातात धरून जाहीर केलं. घरात अजून कोणी ते मान्य केलेलं नाही.