जाळी बसवली, तरी शिडी कशाला?

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
एप्रिलची अखेर

तीर्थरूप नाना आणि सौ. आई यांना शि. सा. न.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमचे चिरंजीव शिडीवर दिसले आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. त्यामुळे आईंना रात्रभर झोप नाही, असा वन्संचा मेसेज आला. तर आधी तेवढं सांगून टाकते : बापू सुखरूप उतरला, दोन वेळा वाढून घेऊन जेवला आणि घोरतही पडला. पण आईंचा खरा प्रश्न वन्संनी शब्दशः पाठवलाय. "दिवाळीच्या आधी एवढे पैसे घालून पन्हळीवर जाळी बसवली ना? मग हा परत वर कशाला चढतो?" मेसेजमध्ये याचं उत्तर मावायचं नाही. शिवाय नानांना आकडे लागतात. म्हणून पत्र.

तुम्ही आला होतात तो जुलै होता, त्यामुळे तुम्हाला नुसती सावली दिसली. घरामागची ती सरळसोट उंच झाडं म्हणजे लॉबलॉली पाइन. नव्वद-शंभर फूट सहज जातात. त्यांच्या सुया तीन-तीनच्या जुडीत येतात, सहा ते नऊ इंच लांब. सदाहरित झाड म्हणजे झाडलोट नाही, असा बापूचा घर घेताना समज होता. सदाहरित झाड वर्षभर थोडंथोडं गाळतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मनापासून गाळतं. पुढच्या अंगाला ओक, लाल मेपल आणि स्वीटगम. स्वीटगम थंडीभर काटेरी गोळे टाकतो, अनवाणी माणसाला ते लगेच कळतं. मेपलच्या पंखवाल्या बिया वसंतात गरगरत खाली येतात. त्याच सुमाराला पाइनचे पराग उडतात आणि गाडी, झोपाळा, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांना हळद लागते. मागोमाग ओकचे तपकिरी तुरे. पुढे पानगळ आहेच. आमच्या पन्हळीला रिकामा महिना म्हणून नाही.

नाना, तुम्ही मागे म्हणाला होतात, "पन्हळच काढून टाका, पागोळ्या पडू देत, आपल्याकडे काय होतं?" देवरुखच्या घराला ते शोभतं. तिथे वळचण हात-दोन हात पुढे आलेली, खाली चिऱ्याचं जोतं, पुढे उताराचं अंगण. इथे छप्पर भिंतीच्या पुढे जेमतेम फूटभर येतं आणि भिंत लाकडाची. खाली लाल चिकणमाती. ती पाणी पीत नाही, धरून ठेवते. आणि घराखाली रांगत जावं लागेल एवढी पोकळी असते, तिला क्रॉलस्पेस म्हणतात. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीच्या कडेला पडतं आणि तिथून त्या पोकळीत शिरतं. मग ओल, बुरशी आणि वाळवी अशी क्रमाने पाहुणेमंडळी. आमच्या छपराखालची जागा पंधराशे चौरस फूट धरा. एक इंच पाऊस झाला तर त्या छपरावरून साडेतीन हजार लिटर पाणी उतरतं. देवरुखच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो इथे, पण तो बारा महिन्यांत वाटून पडतो. त्यामुळे शाकारणी करायला आपल्याकडे मे महिना असतो तसा हक्काचा कोरडा काळ इथे मिळत नाही.

तर जाळी. बापूने त्यावर जेवढा अभ्यास केला तेवढा बारावीला केला असता तर काय झालं असतं, हे तुम्हीच जाणता. गॅरेजमध्ये नमुन्यांचं प्रदर्शन मांडलं होतं. पहिला फोमचा. स्पंजाचे लांब तुकडे पन्हळीत कोंबायचे, पाणी झिरपतं, पान वर राहतं. स्वस्त, सोपं. पण पलीकडच्या गल्लीतल्या एका घराला तोच बसवलेला आहे आणि त्यांच्या पन्हळीत वीतभर उंचीची मेपलची रोपं डोलताहेत. ओला स्पंज आणि वर बी, उगवणारच. दुसरा, केसाळ ब्रश पन्हळीत आडवा टाकायचा. पानं वरच्या वर राहतात हे खरं, पण पाइनच्या सुया त्यात अशा गुंततात की त्या काढायला फणी घेऊन बसावं लागेल. प्लास्टिकची जाळी उन्हाने कडक होऊन तुटते, शिवाय तिच्या भोकांतून सुई उभी शिरते आणि तिथेच रुतून बसते. अशा हजार सुया उभ्या राहिल्या की आडवी पानं त्यांच्यावर अडकतात.

शेवटचे दोन खरे दावेदार. एक म्हणजे पन्हळीवर गोल वळणाचं झाकण. पाणी वळणाला चिकटून खालच्या फटीत जातं आणि पान पुढे उडून पडतं, अशी कल्पना. दुसरी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी, पीठ चाळायला चालेल इतकी बारीक, अॅल्युमिनियमच्या चौकटीत ताणलेली.

झाकणवाल्यांचा विक्रेता घरी आला होता. त्याची कहाणी फोनवर सांगितली नाही, कारण बापू शेजारी बसलेला असायचा. "नवरा-बायको दोघंही असाल तरच येतो," अशी त्याची अट. दोघांची सही एका बैठकीत मिळावी म्हणून ते असं म्हणतात, हे मला नंतर कळलं. सहाला आला. बरोबर छोटं लुटूपुटूचं छप्पर, त्याला पन्हळ, त्यावर झाकण. बादलीने पाणी ओतलं, स्वतः आणलेली स्वच्छ, इस्त्री केल्यासारखी पानं टाकली. पाणी आत, पानं बाहेर. बापूने टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती. तेवढ्यात आमचा चिनू मागच्या दाराने गेला आणि मूठभर पाइनच्या सुया घेऊन आला. "हे टाकून बघू?" विक्रेता हसला, पण फार नाही. पाणी वळणावरून गेलं आणि निम्म्या सुया त्याच्या बोटाला धरून शिस्तीत आत गेल्या.

मग भाव. आधी अकरा हजार डॉलर. आजच सही केली तर सात. मग त्याने साहेबांना फोन लावला, अंगणात जाऊन गंभीरपणे बोलला आणि साडेपाचवर आला. तुळशीबागेत दुकानातून दोन पावलं बाहेर टाकली की जो भाव पाठीमागून ऐकू येतो, तो हा. मी त्याला आलं घातलेला चहा देत राहिले, आपलं काय जातं. "आयुष्यभराची हमी" असा शब्द तो वारंवार वापरत होता, म्हणून बापूने चष्मा लावून कागद वाचला. पन्हळीच्या आत कचरा साचला तर हमी. झाकणावर साचला तर आपला आपण. रात्री नऊला तो चकल्यांची पुडी घेऊन निरोप घेता झाला. माणूस म्हणून चांगला होता.

निर्णय शेवटी शेजारच्या आजोबांनी दिला. तेच, ज्यांना आईंनी पुरणपोळी दिली होती आणि ज्यांनी तिला जॅम लावला. त्यांचं म्हणणं असं : सगळ्या झाडांना पुरून उरेल अशी जाळी अजून निघालेली नाही, तेव्हा आपल्या घरावरचं सगळ्यात त्रासदायक झाड कोणतं ते आधी ठरवा आणि त्याच्यापुरती जाळी घ्या. आमच्या बाबतीत पाइन. म्हणून बारीक जाळी. चार-चार फुटांचे तुकडे, साधारण पाचशे डॉलरचा माल. त्याखेरीज शिडी, शिडीचे टेकू, पत्रा कापायची कात्री आणि एक नवा ड्रिल. ते बापू खर्चात धरत नाही, गुंतवणूक म्हणतो.

बसवण्याआधी पन्हळ साफ करायची होती. आतून निघालं काय काय! काळी चिकट माती, सुयांचा चिखल, दोन टेनिसचे चेंडू आणि चिनूचं एक शटलकॉक, ज्यासाठी त्याने शेजारच्या मुलाशी अबोला धरला होता. माती इतकी मऊसूत की कढीपत्त्याच्या कुंडीत घालायला माझा हात शिवशिवला. पण छपरावरच्या डांबरी शिंगलचे बारीक खडे त्यात उतरलेले असतात. म्हणून ती झेंडूला घातली, कढीपत्त्याला नाही.

नाना, आता तुमच्या उपयोगाचं. वर्षानुवर्षं ओला कचरा वाहून पन्हळ मधोमध बसली होती, हुकांचे स्क्रू फळीतून अर्धे बाहेर आले होते. त्यावर नुसती जाळी ठोकली असती तर खाली डबकं राहून डासांची सोय झाली असती. दर दहा फुटांना पाव इंच उतार हवा. आजोबांनी त्यांचं लेझरचं यंत्र आणलं, पण भर उन्हात लाल रेघ काही दिसेना. तेव्हा बापू आत गेला आणि प्लास्टिकची पारदर्शक नळी घेऊन आला. त्यात पाणी भरलं, एक टोक चिनूच्या हातात, दुसरं स्वतःच्या आणि तुम्ही ओट्याची पातळी काढायचात तशी रेघ मारली. आजोबा खुर्ची पुढे ओढून बसले. हे कुठे शिकलास, म्हणून विचारलं. बापूने "माय फादर, पी. डब्ल्यू. डी." असं सांगितलं, आणि त्यांनी अशा आदराने मान हलवली की जणू ती एखादी विद्यापीठाची पदवी असावी. त्यांनी व्हिडिओही काढलाय.

जाळीची मागची कड पहिल्या शिंगलखाली सरकवतात बरेच लोक. पण शिंगल एकमेकांना डांबराच्या पट्टीने चिकटवलेले असतात. गारठ्यात उचलले तर तडकतात, आणि छपराची हमी जाते ती वेगळीच. म्हणून मागची कड फळीला टेकवली, पुढची पन्हळीच्या ओठावर स्क्रूने बसवली आणि पुढे किंचित कल ठेवला. जाळी सपाट राहिली तर सुया तिच्यावर लोळत पडतात. कल असला की वाळल्यावर वाऱ्याने जातात. जातात म्हणजे बहुतेक जातात. कोपऱ्यावर तुकडे तिरके कापताना बापूच्या तोंडून जी भाषा निघाली ती चिनूला समजली नाही, हा मराठीचा वर्ग बुडवण्याचा एकमेव फायदा.

आईंसाठी खास : मागची बाजू उतारामुळे दोन मजली पडते, तिथे मी त्याला चढू दिलेलं नाही. तिथे माणूस लावला. पुढच्या बाजूला शिडी चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने लांब रोवतो आणि तिचे टेकू छपरावर टेकवतो, पन्हळीवर नाही. पन्हळीचा पत्रा पातळ असतो, शिडीच्या भाराने चेपतो आणि शिडीही घसरते. खाली मी शिडी धरून उभी असते. सूचनाही देते. त्या तो ऐकत नाही, पण देणं माझं काम आहे.

पहिला मोठा पाऊस आला तेव्हा आम्ही तिघं खिडकीत. पाइनच्या बाजूला अगदी झकास : सुया जाळीवर, पाणी आत. बापू रेनकोट घालून टॉर्च घेऊन बाहेर पडला, कौतुक जवळून बघायला. छपराचे दोन उतार जिथे मिळतात त्या खाचेखाली तो उभा राहिला. तिथे दोन्हीकडचं पाणी एकवटून जोरात येतं, जाळीत शिरायला त्याला सवड नसते, ते तिच्यावरून सरळ उडी मारतं. उडी बरोबर त्याच्या डोक्यावर. पुढच्या शनिवारी त्या कोपऱ्यात पत्र्याचा छोटा आडोसा लावला. आता पाणी थबकतं आणि मग आत जातं.

आणि आता आईंच्या प्रश्नाचं उत्तर. पोर्चवरच्या छपराला उतार कमी आहे. या महिन्यात पाइनची पिवळी धूळ जाळीवर बसली, वर ओकचे तुरे पडले, रिमझिम झाली आणि त्याचा पिवळा लगदा थापला गेला. पाणी त्यावरून घसरून बाहेर. हा लगदा वाळला की ब्रशने निघतो. लांब दांड्याचा ब्रश आणलाय, जवळजवळ सगळी पन्हळ जमिनीवरूनच झाडता येते. फक्त पोर्चचा तो एक कोपरा स्वीटगमच्या फांदीआड येतो, तिथे दांडा पोचत नाही. तेवढ्यासाठी शिडी. वसंतात एकदा आणि सुया गळून झाल्या की एकदा. आधी तो कोपर-कोपर हात घालून काळा चिखल उपसायचा, आता वरवर झाडू मारतो. बापूला हे पटत नाही. आपण जाळी बसवली, म्हणजे पुन्हा वर बघायचं नाही, असं त्याच्या मनात होतं आणि तो आता पुढच्या जातीच्या जाळीचा अभ्यास करतोय. मला तर हे बरंच चाललंय असं वाटतं. आपल्या छपरावरच्या कौलांना कुणी कधी आयुष्यभराची हमी दिली होती? दरवर्षी वर चढून ती सारखी करायची, हे ठरलेलंच होतं की. ती स्वीटगमची फांदी तरी छाटावी म्हटलं, तर इथल्या सोसायटीकडे अर्ज करावा लागतो. केलाय. समितीची बैठक व्हायची आहे.

तुम्ही ऑक्टोबरात येताय तेव्हा सुयांचा हंगाम ऐन भरात असेल. नाना, तुम्ही खुर्चीत बसून आजोबांबरोबर देखरेख करायची आहे, वर चढायचं नाही. शिडीला कुलूप लावलंय आणि किल्ली कुठे आहे ते मी या पत्रात लिहिणार नाही. येताना कोकम आणि सांडगे आणा, आणि आजोबांनी तुमच्यासारखीच पातळीची नळी हवी म्हणून धोशा लावलाय. ती इथेही मिळते, पण त्यांना पी. डब्ल्यू. डी.चीच पाहिजे.

चिनूचा दोघांना नमस्कार.

तुमची सून

ता. क. जाळीचे दोन तुकडे उरलेत. ते कोथिंबिरीच्या वाफ्यावर टाकलेत, कारण खारी रोज उकरत होत्या. खारींवर मात्र जाळी शंभर टक्के चालते, हे बापूच्या समोर कृपया बोलू नका.