कॉल आलाय!

सरांना आम्ही आपसात 'प्रपोजल सर' म्हणतो. तोंडावर नुसतं 'सर'. मूळचे ते भौतिकशास्त्राचे, पण 'मूळचे' म्हटलेलं त्यांना खपत नाही. विषय विचारला की ते 'आंतरविद्याशाखीय' एवढंच सांगतात आणि समोरचा दबतो. शर्टाच्या खिशात दोन पेनड्राइव्ह, खांद्याला लॅपटॉपची बॅग, बॅगेत पाठिंब्याच्या पत्रांच्या टाइप करून ठेवलेल्या प्रती. कुलसचिव कुठे गाठ पडतील सांगता येत नाही ना! एकदा दीक्षान्त समारंभाच्या मिरवणुकीत सरांनी गाऊनच्या आतून कागद काढून कुलसचिवांची सही घेतली होती. मिरवणूक थांबली, मागचे अधिष्ठाते पुढच्या अधिष्ठात्यांवर आदळले, पण सही झाली.

असा एक गृहस्थ आता बहुतेक विद्यापीठांत असतो. संशोधन करणारे वेगळे आणि संशोधनासाठी अर्ज करणारे वेगळे. पहिल्यांना त्यांच्या प्रयोगशाळेबाहेर कुणी ओळखत नाही. दुसऱ्यांना कुलगुरू नावानिशी हाक मारतात. सरांच्या लेखी जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या: फंडेबल, आणि ज्यांच्यासाठी अर्ज मागवणारा 'कॉल' अजून आलेला नाही अशा. गणिताच्या सरांच्या आईचे गुडघे बदलायचं ठरलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हॉस्पिटल कुठलं, खर्च किती, असं रीतसर विचारलं. सर म्हणाले, "वृद्धांची चाल! हा विषय कुणी घेतलाय का हो? अस्थिरोग, मेकॅनिकल, डेटा सायन्स. पाच इन्स्टिट्यूट सहज बसतील." आणि कॅन्टीनच्या बिलामागे चौकटी काढायला लागले. मधली चौकट स्वतःची, तिच्यातून चहूकडे ठळक बाण. परत येणारे बाण तुटक रेषेचे. तुटक का, असं विचारलं तर 'तो फीडबॅक' म्हणतात.

सरांच्या आयुष्याचा विषय कांदा. साठवणीत कांदा सडतो, त्याला मोड येतात, काजळी धरते, वजन घटतं; हे कसं थांबवायचं? प्रश्न खरा आहे आणि जुना आहे. एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा शेतकरी दिवाळीच्या आसपासपर्यंत चाळीत सांभाळतो आणि त्यातला बराच डोळ्यांदेखत जातो. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. म्हणजे काम करणारे आहेत. पण सरांचं म्हणणं, ते लोक नुसतं कांद्यावर काम करतात. कांद्याला 'ब्रॉडर फ्रेमवर्क' देत नाहीत.

ते सर देतात. २००७ मध्ये १,००० कोटींचं नॅनो मिशन आलं, तेव्हा त्यांनी कांद्याला नॅनो-लेप दिला. २०१८ च्या डिसेंबरात सायबर-फिजिकल प्रणालींच्या ३,६६० कोटींच्या राष्ट्रीय मिशनला मंजुरी मिळाली आणि चाळीत सेन्सर शिरले. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'स्ट्राइड' ही बहुविद्याशाखीय संशोधनाची योजना काढली, तीत मानव्यविद्यांना जागा होती, म्हणून कांद्याला संस्कृती आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये ६,००३.६५ कोटींचं क्वांटम मिशन मंजूर झालं, तेव्हा आम्हाला वाटलं, आता तरी कांदा सुटला. आठवड्याच्या आत सरांच्या टेबलावर मसुदा होता: 'कांद्याच्या कुजण्याची पूर्वसूचना: एक क्वांटम-संवेदन दृष्टिकोन'. यातले बहुतेक अर्ज नामंजूर झाले, हे सांगायला नकोच. सरांना त्याचं काही नाही. नामंजूर प्रस्ताव म्हणजे पुढच्या प्रस्तावाचा सत्तर टक्के मजकूर.

आकडे त्यांना तोंडपाठ. आपला देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, हे वाक्य त्यांच्या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असतं. जणू सरांना चार कोटी मिळाले की ती टक्केवारी सुधारणार आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन येणार आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी उभे राहणार असं जाहीर झालं, त्या दिवशी त्यांनी विभागात पेढे वाटले. त्यांपैकी ३६,००० कोटी उद्योग आणि इतर बिगरसरकारी मार्गांनी यायचे आहेत, हे पेढे संपल्यावर वाचलं. मग सर उद्योग शोधायला निघाले.

सातपूरच्या एमआयडीसीत पत्रे वाकवणारा एक कारखानदार त्यांना सापडला. मीही बरोबर होते. कारखानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "पैसे द्यायचे नाहीत ना?"

"छे छे. तुमचा वाटा इन-काइंड."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही वेळ आणि सल्ला द्यायचा. त्याची किंमत आपण पंचवीस लाख धरू."

आपल्या सल्ल्याचा भाव त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा ऐकला असावा. त्याने चहाबरोबर बिस्किटं मागवली, पत्रावर सही-शिक्का केला आणि घरी दाखवायला एक झेरॉक्स ठेवून घेतली.

मी या सगळ्यात काय करते, असा प्रश्न माझ्या विभागप्रमुखांनाही पडतो. मी मराठी शिकवते, त्यातही लोकसाहित्य. पण मोठ्या कॉलमध्ये हल्ली मानव्यविद्यांचा सहभाग 'डिझायरेबल' असतो. तेव्हा अशा प्रकल्पाला आमच्यातलं कुणीतरी सवाष्णीसारखं लागतं: पाट मांडतात, रांगोळी काढतात, स्वयंपाकात काय करायचं ते मात्र विचारत नाहीत. सर माझ्या खोलीत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले,

"मॅडम, जात्यावरच्या ओव्यांत कांदा असेलच."

"असेल सर. बघावं लागेल."

"बघू नका. आत्ता 'आहे' लिहा. बघणं हे तिसऱ्या वर्षाचं डिलिव्हरेबल."

अशी मी वर्क पॅकेज सहाची को-पीआय, म्हणजे सहसंशोधक, झाले. वेळापत्रकाच्या रंगीत तक्त्यात माझी पट्टी खालून पहिली, फिकट पोपटी.

निफाडजवळच्या एका चाळीवर आम्ही 'स्टेकहोल्डर कन्सल्टेशन'ला गेलो. एक गाडी, गाडीत मावतील तेवढे को-पीआय आणि कुणाच्या तरी मांडीवर ड्रोन. चाळ चांगली होती: जमिनीपासून उचललेली, खालून वारा खेळेल अशी, दोन्ही बाजूंना बांबूच्या फटी, वर पत्रा आणि पत्र्यावर उसाचं पाचट. आत कांद्याचा लांबच लांब ढीग. मालक साठीतले. त्यांनी बांबूच्या फटीतून हात घातला, एक कांदा काढला, अंगठ्याने त्याची मान दाबली आणि बाजूला टाकला. दुसरा काढला, दाबला, परत आत ठेवला. "मान मऊ लागली की तो गेला म्हणायचा," ते म्हणाले. "आन् जाड मानेचा तर ठेवायचाच नाही. टिकत नाही तो."

"आमचा सेन्सर हेच सांगेल, बाबा," सर म्हणाले. "आठ दिवस आधी!"

"सांगेल की. पण आठ दिवस आधी कळून करू काय? इकायचा तर आजबी इकता येतो. भाव नाही म्हणून तर ठेवलाय."

कुणी काही बोललं नाही. संख्याशास्त्राचे सर बुटाला लागलेलं पाचट काढू लागले. मला वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कांद्याने सरांना गप्प केलं. सर गप्प नव्हते, विचार करत होते.

"बाबा, हे मान दाबून बघायचं तुम्हाला शिकवलं कुणी?"

"वडलांनी."

"त्यांना?"

"त्येंच्या वडलांनी असंल."

सर आमच्याकडे वळले. असा चेहरा न्यूटनचाही झाला नसेल. "आयकेएस!" ते म्हणाले. भारतीय ज्ञानप्रणालीसाठी शिक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये वेगळा विभाग काढला आहे. तिथे हे स्वतंत्रपणे टाकता येईल. परतीच्या वाटेवर चांदवड येईतो त्याचं शीर्षक तयार झालं होतं. बाबांचं भावाचं वाक्यही वाया गेलं नाही. ते मूळ प्रस्तावात 'बाजारपेठीय अनिश्चितता' या नावाने जोखमींच्या तक्त्यात, शेवटच्या ओळीत आहे.

सरांना पाहावं ते मुदतीच्या रात्री. अर्ज ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत भरायचा असतो आणि सर कधीही दुपारी भरत नाहीत. दुपारी भरलेल्या अर्जाला त्यांच्या मते धार नसते. या प्रस्तावाच्या मुदतीच्या दिवशी कुलसचिवांची सही होती, पण शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई गावच्या जत्रेला. सरांनी दुचाकीवर एक पीएचडीचा विद्यार्थी पाठवला. इकडे अंदाजपत्रकात वर्षवार बेरीज आणि हेडवार बेरीज यांत चारशे रुपयांचा फरक. चार कोटींत चारशे! माणसाला चालतात, पोर्टलला चालत नाहीत. ते चारशे कन्टिंजन्सीत ढकलले, तर ओव्हरहेड बदलला. ओव्हरहेड दुरुस्त केला, तर एकूण रक्कम कमाल मर्यादेच्या वर गेली. चौकटी-बाणांची आकृती पाच एमबीत बसेना, म्हणून ती दाबत दाबत इतकी पुसट केली की तुटक बाण दिसेनासे झाले. फीडबॅक गेला. एका को-पीआयने सीव्हीवर गोव्याचा, गॉगल घातलेला फोटो चिकटवला होता. त्याला फोन लावला तर तो खरोखर गोव्यात.

शेवटचा पेच सारांशाचा. तीन हजार अक्षरांची मर्यादा, आमची आठ जास्त. पडद्यासमोर इंजिनिअरिंगचा तरुण को-पीआय बसला होता. घड्याळात ११.४६.

"सर, 'शाश्वत' काढू?"

"वेड लागलंय का? 'शेतकरी' काढा."

११.५२ ला अर्ज गेला. पोचपावती आली, ती दोन्ही पेनड्राइव्हवर उतरली, आणि सरांनी सगळ्यांना स्टँडवर नेऊन चहा-क्रीमरोल खिलवले, स्वतःच्या पैशाने. प्रकल्पाच्या पूर्ण काळात तेवढाच खर्च विनातक्रार आणि विनापावती झाला.

दिल्लीतलं सादरीकरण उरकतंच. दहा मिनिटं मिळतात, सरांच्या स्लाइड अठ्ठेचाळीस. समितीतलं कुणी विचारतं, यात नवीन काय? दुसरं विचारतं, एवढी माणसं कशाला? दोन्ही प्रश्नांना सरांचं उत्तर 'सिनर्जी'.

आणि मग, आम्ही विसरून गेल्यावर, हा प्रस्ताव मंजूर झाला. मागितले चार कोटी, मिळाले बासष्ट लाख. सेन्सर राहिला, ड्रोन गेला, कारखानदाराचा पंचवीस लाखांचा सल्ला राहिला (तो फुकट होता), वर्क पॅकेज सहा 'वगळावे'. मला हायसं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, जरा रागही आला. पण सरांइतकं खिन्न कुणीच नव्हतं. मंजुरी म्हणजे आता खरोखर कांदा आणायचा. पहिला हप्ता फेब्रुवारीअखेर जमा झाला, खर्च ३१ मार्चच्या आत. निविदा काढली, सर्वांत कमी दर ज्याचा, त्याचा सेन्सर आला. तो कोरड्या जागी उत्तम चालतो. ३७,००० रुपये महिना आणि घरभाडं या फेलोशिपवर एक हुशार पोरगा घेतला. त्याला सेन्सर समजू लागला त्या सुमारास त्याची तलाठी म्हणून निवड झाली आणि तो पेढे देऊन गेला. बँकेत पडून राहिलेल्या रकमेवर थोडं व्याज साठलं, ते केंद्र सरकारला परत करायचं असतं. त्या व्याजाचा पत्रव्यवहार तांत्रिक अहवालापेक्षा जाड झाला. उपयोगिता प्रमाणपत्राचा १२-ए नमुना सरांनी इतक्यांदा भरला, की आता घरी वाण्याची यादीसुद्धा ते 'मंजूर, खर्च, शिल्लक' अशा रकान्यांत करतात, असं त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात.

सरांना हसणं सोपं आहे आणि आम्ही ते मनापासून करतो. पण त्यांच्या विभागातला चालू स्थितीतला एकमेव स्पेक्ट्रोमीटर त्यांच्याच एका जुन्या प्रस्तावातून आला आहे. तालुक्याच्या गावांतून आलेल्या पोरींनी त्यांच्या फेलोशिपांवर पीएचड्या केल्या. त्यातल्या एकीने तर कांद्यावर खरंच काहीतरी शोधलं, सरांना न विचारता. जे पहिल्या पंथातले, खरे संशोधक, सरांची सर्वांत जास्त टिंगल करतात, त्यांच्या खोलीचा एसी सरांच्या ओव्हरहेडमधून बसला आहे. माझ्या मते दोष सरांचा थोडा आणि नमुन्याचा जास्त. पाच वर्षांनी काय सापडणार, ते आज तिमाहीवार लिहून द्या म्हटल्यावर दुसरा कुठला माणूस टिकणार?

परवा रात्री दहाला फोन वाजला.

"मॅडम, कॉल आलाय. हवामान! मिशन मौसम, दोन हजार कोटींचं. तुमच्याकडे पावसावरच्या ओव्या असतील ना?"

"पावसावरच्या खरंच आहेत, सर. भरपूर आहेत."

"उत्तम. उद्या पाचपर्यंत दोन पानी सीव्ही पाठवा. वर्क पॅकेज सात."

"म्हणजे कांदा संपला म्हणायचा?"

"संपला कसा?" सर दुखावले. "अवकाळीत भिजतो ना तो!"