उष्ण प्रदेशातील गोल्फमैदानाची निवड कशी करावी

मार्गशीर्षात मुळा-मुठेच्या पात्रावर धुके साचू लागले आणि पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला, की खराडीच्या गगनचुंबी इमारतींत वास्तव्य करणाऱ्या आणि गोल्फचा छंद नुकताच जडलेल्या सद्गृहस्थांच्या चित्तात उष्ण प्रदेशी प्रयाण करण्याची ऊर्मी उसळते. भर दुपारी त्यांच्याच दिवाणखान्यात पंखा फिरत असतो, ही बाब प्रस्तुत विषयास गैरलागू समजावी. स्कॉटलंडात डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो म्हणून तेथील खेळाडू दक्षिणेकडे धाव घेतात. आपला सूर्य सहापर्यंत तग धरतो, एवढ्यावरून आपण का मागे राहावे?

प्रथम दक्षता ही, की जवळच्या मैदानाचा विचार मनात आणू नये. पूना क्लबचे गोल्फमैदान येरवड्यास, म्हणजे नगर रस्त्याने थोड्याच मैलांवर आहे, आणि खेळण्यास ते कितीही योग्य असले तरी जेथून दुपारच्या जेवणास घरी परतता येते तिला यात्रा म्हणण्याचा शिरस्ता नाही. शिवाय, "येरवड्यास राहून आलो," असे सांगितल्यावर मध्यवर्ती कारागृहात की मनोरुग्णालयात, अशी पृच्छा करणारा एखादा आप्त प्रत्येक घराण्यात असतोच. नाशिकच्या 'गोल्फ क्लब मैदाना'च्या नावावर भुलून तिकडे मुक्काम हलविणाऱ्यांनीही सावध असावे. दप्तरी ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असून तेथे रणजी करंडकाचे सामने होतात, तेव्हा तेथे काठ्यांचा भाता घेऊन अवतरणाऱ्याकडे यष्टिरक्षक कोणत्या मुद्रेने पाहील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता मुख्य विषय, म्हणजे गवत. उष्ण देशांतील मैदानांवर ज्या बर्म्युडा गवताचे एवढे माहात्म्य गायिले जाते ते वनस्पतिशास्त्रदृष्ट्या आपली हरळीच होय. अर्थात जिच्या एकवीस पात्यांची जुडी आपण गजाननाच्या मस्तकी वाहतो, तिच्यावरच हे लोक लोखंडी काठीने प्रहार करितात. ही वनस्पती उन्हाची भुकेली असल्याने थंडीचा कडाका वाढताच वाढ थांबवून पिवळी पडते; दिल्लीकडील मैदानांची कांती जानेवारीत फिकी पडते ती याच कारणाने. घाटाखाली मात्र, पाण्याचा बंदोबस्त असेल तर, हिवाळाभर तिचा हिरवेपणा टिकतो. सबब, मैदानाच्या कारभाऱ्यांस दर विचारण्यापूर्वी पाणी कोठून येते हे विचारावे, आणि उत्तर देताना ते जर सूर्यास्ताच्या सौंदर्याचे वर्णन करू लागले तर दुसऱ्या मैदानाची चौकशी आरंभावी.

घाटाखाली सिडकोने वसविलेले खारघरचे मैदान डोंगरांच्या कुशीत असून मनोहर आहे. परंतु द्रुतगती मार्गाने पोहोचता येणाऱ्या स्थळाची कार्यालयातील सहकाऱ्यांवर छाप पडत नाही. म्हणून बुद्धिमंतांची दृष्टी अखेर गोव्यावर स्थिरावते. तेथे काणकोणच्या राजबागेस नऊ होलांचे आणि मोबोरच्या किनाऱ्याशी बारा होलांचे मैदान आहे, हे ऐकून नाके मुरडणारे पंडित भेटतील. अठरा पुराणे, अठरा पर्वे, गीतेचे अठरा अध्याय, म्हणून होलही अठराच हवेत, असा त्यांचा सनातन आग्रह असतो. पण ही संख्या काही अपौरुषेय नव्हे. सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी 1764 साली आपल्या बावीस होलांची काटछाट करून अठरा केले, आणि पुढे जगाने तोच कित्ता गिरविला. सुटीत आलेल्या प्रापंचिक मनुष्यास नऊ होल हेच शास्त्रोक्त प्रमाण होय असे आमचे मत आहे, कारण दहाव्या होलापासून ऊन चढते आणि स्वभाव उघडा पडतो.

समुद्रसपाटीचा आणखी एक लाभ सहसा कोणी सांगत नाही. पुणे समुद्रापासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने येथील हवा किंचित विरळ आहे. किनाऱ्यावरील दाट हवेत तोच चेंडू थोडा अलीकडे पडतो. तेव्हा तेथे फसलेल्या प्रत्येक फटक्याची जबाबदारी वायुमंडलावर निःसंकोच सोपवावी. अशी सवलत देणारे मैदान सोडू नये.

प्रवासाची तजवीज करताना विमान मोप्यास उतरते की दाबोळीस, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. मोपा राज्याच्या उत्तर टोकास, काणकोण दक्षिण टोकास, आणि मध्ये अख्खा गोवा आपल्या वाहनांसह आडवा असतो. पोहोचल्यावर नकाशा बाजूस ठेवून जुन्या कॅडीस शरण जावे. कॅडी हा मैदानाचा कुलकर्णी होय. कोणत्या झाडाखाली कोणाचे चेंडू जमा आहेत, याचे सारे दप्तर त्याच्या मुखी असते.

काठ्यांविषयी नियम असा, की चौदांहून अधिक बाळगता येत नाहीत. आणि बहुतेक देशांतर्गत विमानांची पंधरा किलोंची मर्यादा लक्षात घेता तेवढ्याही कुटुंबाच्या सामानाशी कज्जा केल्याविना जात नाहीत. उत्तम तोडगा हा, की काठ्या तेथेच भाड्याने मिळतात का याची आधी चौकशी करावी आणि पटर तेवढा घरचा न्यावा. तो हातात मिरवीत मात्र विमानात शिरू नये. सुरक्षा नाक्यावर गोल्फच्या काठीची गणना शस्त्रांत होते, आणि आपला हँडिकॅप दाखवून, या हातांनी नेमका कोणास फटका बसणे सर्वथा असंभव आहे, हे पटवून देण्यास तेथील जवान अवसर देत नाहीत.