तिसरा गिअर आपणहून पडतो

सालेकशात कुणाकडे स्पोर्ट्स कार असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. असती तरी आमगाव रस्त्यावर बैलबंडी, धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली म्हैस यांच्या मागे ती दुसऱ्या गिअरमध्येच रांगली असती. तरीही गिअर झटपट कसा बदलावा या विषयावर मी बोलणार आहे, आणि अधिकारवाणीनं बोलणार आहे. काळी-पिवळी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी, गिअरची दांडी दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन ज्यानं प्रवास केला आहे, त्याला या शास्त्राची जितकी जवळून ओळख होते तितकी फेरारीच्या मालकालाही होत नसावी. दुसरा आणि चौथा आपल्या पोटाकडे येतात, पहिला आणि तिसरा लांब जातात. श्वास केव्हा घ्यायचा आणि केव्हा सोडायचा, हे दोन-तीन किलोमीटरांत समजतं.

मुळात हा खटाटोप इंजिनाच्या एका खोडीमुळे आहे. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच जोर असतो. त्याखाली ते गचके देतं, त्यावर नुसतं ओरडतं. गाडी थांबलेली असो की ऐंशीनं पळत असो, इंजिनाला आपल्या आवडत्या पट्ट्यात ठेवायचं, हे गिअरबॉक्सचं काम. विजेच्या मोटरला हा त्रास नाही; ती शून्यापासून जोर लावते. म्हणून सालेकसा स्टेशनातून सुटलेली आगगाडी दरेकशाचा बोगदा ओलांडून डोंगरगडकडे जाते तरी इंजिनचालकाला दांडी हलवून गिअर बदलावा लागत नाही. आगगाडी आपली निवांत जाते. धडपड सगळी रस्त्यावरच्यांची.

आता स्पोर्ट्स कारवाल्यांकडे बघा. दोन गिअरच्या मधला क्षण म्हणजे त्यांच्या लेखी वाया गेलेला क्षण. क्लच दाबला की इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, गाडी तेवढा वेळ उधारीवर धावते. हा वेळ कमी करायला त्यांनी नाना युक्त्या काढल्या. त्यातली सर्वात दांडगी म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय न काढताच क्लचला लाथ घालून पुढचा गिअर ओढणं. यात सेकंदाचा काही अंश वाचतो आणि क्लच प्लेटचं आयुष्य त्याहून बरंच जास्त कमी होतं. आमच्याकडे हा प्रकार कुणी केला तर जीपचा मालक त्याला संध्याकाळीच घरी बसवील.

शिकवणारे मात्र वेगळंच सांगतात. दांडी मुठीत आवळू नका, तळव्यानं ढकला. गिअरच्या दांडीला आतून स्प्रिंगा असतात. सोडून दिली की ती आपली आपण मधल्या रांगेत, तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येऊन उभी राहते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात वाकडातिकडा करायची गरजच नसते. सरळ पुढे सोडायचं, वाट ती शोधते. जो घट्ट धरून आपल्या बुद्धीनं वळवायला जातो तो चौथ्यातून तिसऱ्यात जायच्या ऐवजी पहिल्यात जाऊ पाहतो, आणि भर वेगात तसं खरंच घडलं तर इंजिनाच्या व्हॉल्व्हचे तुकडे वेचावे लागतात. हेच सगळं ज्ञान मला एका जीपवाल्यानं अर्ध्या वाक्यात दिलं होतं. मी त्याला विचारलं, इतक्या लवकर गिअर कसा पडतो तुझा? तो समोरच बघत म्हणाला, “खुपसाचा नसते काका, त्याले जाऊ द्याचा असते.”

आणि ‘जाऊ देण्या’मागे यंत्रशास्त्र आहे. गिअरबॉक्समधली दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत असताना त्यांना एकमेकांत अडकवायला गेलं की कर्रर्र होतं. त्यांचे वेग आधी जुळवले पाहिजेत. 1928 साली कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश आलं. कोनाच्या आकाराचं एक कडं आधी घासून वेग सारखे करतं, मग दात गुंततात. त्याआधी हे काम ड्रायव्हरच्या पायाला करावं लागे: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, खालच्या गिअरमध्ये यायचं असेल तर थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, आता गिअर टाका. हा डबल क्लच. जुन्या विलीज जीपला पहिल्या गिअरवर सिंक्रोमेश नव्हतंच, आणि आमच्या भागातल्या पुष्कळ म्हाताऱ्या गाड्यांत असलेलंही घासून संपलेलं असतं. त्यामुळे परदेशातले हौशी लोक ट्रॅकवर फी भरून जे शिकतात ते इथले ड्रायव्हर भाकरीसाठी शिकले. त्यांना कुणी कौशल्याचं प्रमाणपत्र दिलं नाही. गिअर वाजला तर मागून प्रवासी मात्र हमखास म्हणतात, “नवीन हाय वाटते.”

दुसरी मोठी विद्या म्हणजे उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर आणि टाच किंवा पावलाची कड अ‍ॅक्सिलरेटरवर, एकाच वेळी. वळणापूर्वी वेग कमी करता करता इंजिनाला हलकी रेस देऊन खालचा गिअर अलगद घ्यायचा, म्हणजे मागची चाकं हिसका बसून सटकत नाहीत. फॉर्म्युला वनचा शर्यतपटू आयर्टन सेन्ना जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर होंडाची एनएसएक्स चालवतानाचं एक चित्रीकरण प्रसिद्ध आहे. त्यात पेडलवर नाचणाऱ्या त्याच्या पायांत रेसिंगचे बूट नाहीत, साधे लोफर आहेत. ते पाहून जग थक्क होतं. मी फारसा थक्क झालो नाही. आमच्याकडे रबरी स्लीपर घालून हे होतं, आणि त्यातली एक अर्ध्या वाटेत पेडलखाली अडकलेली असते.

पण माझ्या मते झटपट गिअर बदलण्याचं सर्वात अवघड गणित ट्रॅकवर नसून रोवणीच्या दिवसांत बांधीत असतं. चिखलणी करताना ट्रॅक्टरचा क्लच दाबला की चिखल त्याला तिथल्या तिथे धरून ठेवतो. तिथे झटपट-बिटपट काही चालत नाही. म्हणून जाणता माणूस बांधावर उभा राहूनच गिअर ठरवतो आणि मग आत उतरतो. रेसिंगचे गुरूही हेच सांगतात: वळणात शिरायच्या आधी गिअर झालेला असला पाहिजे, वळणात हात स्टिअरिंगवरच. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत धनेगावच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते तेव्हा तर पहिल्या आणि दुसऱ्याच्या पलीकडे काही प्रश्नच उरत नाही. तीनशेनं पळणारी गाडी आणा, तिलाही देवाच्या दारी पहिलाच गिअर.

माणसाच्या हाताची ही सगळी कारागिरी यंत्रानं कधीच मागे टाकली. 1989 साली ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत नायजेल मॅन्सेल स्टिअरिंगमागच्या पट्टीनं गिअर बदलणारी फेरारी घेऊन उतरला आणि पहिल्याच शर्यतीत जिंकला. 2007 साली फेरारीनं 430 स्कुडेरिया आणली, तिचा गिअर 60 मिलीसेकंदांत बदलतो. तेवढ्या वेळात आमचा जीपवाला दांडीकडे हातही नेत नाही, कारण तो हात खिडकीबाहेरच्या माणसाकडून सुटे पैसे घेत असतो. गंमत म्हणजे त्याच ब्राझीलमध्ये 1991 साली सेन्नाच्या गिअरबॉक्सनं शेवटी दगा दिला, हाती फक्त सहावा उरला, आणि तो त्या एकाच गिअरवर जिंकला. शर्यतीनंतर त्याला गाडीतून धड उतरताही येत नव्हतं.

एवढं होऊनही हौस फिटली नाही. 2013 साली पोर्शनं 911 जीटी3 फक्त आपोआप गिअर बदलणारी काढली, तर गिऱ्हाईक रुसलं. मग 2016 साली 911 आर आली, केवळ हाताच्या गिअरची, केवळ 991 गाड्या, आणि त्यांच्यावर उड्या पडल्या. जास्त पैसे मोजून हळू गिअर घेणारी ही मंडळी मला मनापासून आवडतात. त्याहून पुढची मजल ह्युंदाईची. 2023 साली आलेल्या त्यांच्या आयोनिक 5 एन या विजेच्या गाडीत गिअर बदलण्याची सोंगाची सोय आहे. मोटरला गरज नसताना ती खोटे आठ गिअर दाखवते, इंजिनासारखा आवाज काढते आणि गिअर पडल्यासारखा हिसका देते. एसटीनं 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर शिवाई ही विजेची बस सुरू केली. तिच्यात मात्र हिसक्याची सोय केल्याचं ऐकलं नाही. प्रवाशांनी मागणी केलेली नसावी.

तेव्हा हिसक्यासाठी कुणी विजेची महागडी गाडी बुक करायच्या बेतात असेल तर थोडं थांबावं. आमगावला उतरा, सालेकशाची जीप धरा आणि पुढची, दांडीजवळची जागा मागून घ्या. हिसका अस्सल मिळेल, वेगळे पैसे पडणार नाहीत. फक्त दुसरा पडायच्या वेळी गुडघे सांभाळा.