दम्याचे परीक्षक

वालावलच्या आबांच्या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आबांना ते पसंत नाही. "ह्या नाव आजाराचा काय सोसायटीचा?" त्यांच्या लेखी दमा तो दमाच. त्यावर मिळेल ते औषध घ्यायचं आणि १०पैकी गुण द्यायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

अडुळशाच्या काढ्याला ५. मृग नक्षत्रावर हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळून आले. निकाल राखून ठेवला. "मासो बरो, पण त्याचा तिकला करूक व्हया होता." मग मुंबईच्या भाच्याने माहुआंगच्या काड्यांची पुडी आणली. माहुआंग ही चिनी वनस्पती दम्यावरची जुनी, तिच्यातूनच एफेड्रीन वेगळं काढलं गेलं आणि अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन बनलं, असं मी सांगताच दोघांचेही गुण वाढले. माहुआंगने रक्तदाब चढतो, छाती धडधडते, हे मात्र त्यांना ऐकू आलं नाही.

परीक्षेची पद्धत कडक. घरापासून लक्ष्मीनारायणाच्या देवळापर्यंत चालायचं आणि कितीदा बसावं लागलं ते मोजायचं. डॉक्टरही रुग्णाला ६ मिनिटं चालवून पाहतात, तेव्हा यात खोट नाही. खोट मोजण्यात. तळ्याकाठी धापा टाकत टेकले, की म्हणणार, "दम लागलो म्हणान न्हय, वळखीचो माणूस गावलो म्हणान बसलंय." ती बसकण बाद!

पहिला नंबर दरवर्षी कोजागिरीच्या खिरीतल्या औषधाचा. तोवर पाऊस सरलेला, भिंतींची ओल सुकलेली. श्वास तसाही मोकळा झालेला असतो. श्रेय खीर खाते. मी म्हटलं, "आबा, निम्म्या लोकांना औषधाची खीर द्यायची, निम्म्यांना नुसती. कुणाला कुठली, ते देणाऱ्यालाही कळता कामा नये. मग तुलना करायची."

"आणि नुसती खीर खाल्लेले तितकेच बरे झाले तर?"

"तर औषधाला शून्य."

आबांनी विचार केला. "मगे गुण खिरीक देवया!"

एवढं बोलून त्यांनी विडी शिलगावली. आजवरच्या एकाही परीक्षेला ती बसलेली नाही. फुप्फुसांची घसरगुंडी मंदावते ती धूर टाळल्याने, मग तो विडीचा असो वा चुलीचा. तेव्हा काढा घ्यायचा तर डॉक्टरांना सांगून घ्या, त्यासाठी इन्हेलरचा पंप बंद करू नका, आणि विडी आधी विझवा.