लोडकाका

गावात कुणाच्या मनात जनरेटर घ्यायचं आलं, की दुकानदाराच्या आधी ते लोडकाकांना कळतं. कसं कळतं ते विचारू नका. संध्याकाळी पडवीत बसून तुम्ही नुसतं ‘यंदा काहीतरी करायला हवं’ म्हणालात, की सकाळी साडेआठला बेड्याशी हाक येते, ‘‘आहात का घरात? म्हटलं, लोड काढून टाकू.’’

कोकणातल्या प्रत्येक वाडीत असे एक काका असतात. बहुधा वीज मंडळातून निवृत्त झालेले. मंडळाच्या २००५ साली वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण काका अजून ‘एमएसईबीत होतो’ असंच सांगतात. ‘महावितरण’ हा शब्द त्यांनी बिलापुरता ठेवलाय. एरवी हे गृहस्थ पोफळींना पाणी लावत सुखाने म्हातारे झाले असते. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, खाली दापोली-मंडणगडापर्यंत खांब आडवे झाले, आणि कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. विहिरीत पाणी, पण टाकीत थेंब नाही. फ्रिजमधली सुरमई शेवटी मांजरांनीही नाकारली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यावरून घासत गेलं. तेव्हापासून काकांना बरे दिवस आलेत.

काकांचं हत्यार म्हणजे कानावरची पेन्सिल, खिशातली बॅटरी आणि कुठल्यातरी जुन्या बिलाची कोरी पाठ. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, पण तो त्यांच्या मते पोरांसाठी.

‘‘वहिनी, मिक्सर कितीचा?’’

‘‘आता कसं सांगू? आहेरात आलेला.’’

‘‘किंमत नको हो. वॉट, वॉट!’’

मग मिक्सर पालथा होतो. बुडाला चिकटलेली खोबऱ्याची चटणी नखाने खरवडल्यावर ‘७५०’ दिसतं. काकांचा चेहरा फुलतो. तेवढ्यावर थांबले तर ते काका कसले! फ्रिज भिंतीपासून ओढला जातो. मागे जळमटं, दोन रबरबँड, गेल्या गणपतीपासून हरवलेला चमचा आणि पालीच्या अंड्यांखाली अर्धवट झाकलेली कंपनीची पाटी. काका बॅटरी दातात धरून गुडघ्यावर बसतात आणि पोथी वाचावी तसे आकडे मोठ्याने वाचतात. घरातली लाज चव्हाट्यावर आणायची असेल तर शेजारणीला नको, लोडकाकांना बोलवावं.

यादी वाढते. एलईडी दिवे नऊ-नऊ वॉटचे, त्यांच्याकडे काका ढुंकूनही बघत नाहीत. जुने पंखे पंचाहत्तरचे. गीझर म्हणताच ते पेन्सिल खाली ठेवतात. ‘‘दोन हजार वॉट! बंब विकलात का?’’ एवढ्यात मुंबईहून मुलाचा फोन, दीड टनाचा एसी धरा म्हणून. त्यावर घरातल्या काकूंचं ठाम मत असतं, की तो धरायची गरजच नाही, कारण दुकानदाराने तो ‘इन्व्हर्टर एसी’ म्हणून दिलाय, म्हणजे लाइट गेल्यावरही चालणारच. काका त्यांच्याकडे बघतात, भिंतीकडे बघतात आणि पाणी मागतात.

सगळं मिळून बेरीज साताठ हजारांवर जाते आणि मग काका तो प्रश्न टाकतात, ज्यासाठी ते मुळात आलेले असतात: ‘‘हे सगळं एकदम लावणार आहात?’’

घरात पहिली ठिणगी इथे पडते. आजींना मालिका हवी, नातवाला वायफाय, वहिनींना फ्रिज, दादांना पंप. कुणाचं काय बंद ठेवायचं, हे ठरवताना वाटणीचे जुने विषयही निघतात. काका मध्ये पडत नाहीत. फक्त पेन्सिलीने एकेक ओळ खोडत जातात. हा माणूस वॉट मोजतो हे खरं, पण घरात कोणाचं चालतं हेही त्याला त्याच कागदावर दिसतं. माझ्या मते त्याचा खरा रस त्यातच असतो.

मग पंपाची पाळी. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, हे तुम्हालाही ठाऊक असतं. तुम्ही ते बोलून दाखवावं याचीच काका वाट बघत असतात. ‘‘ते चालताना! घोडा उठताना लाथ मारतो, ती कोण धरणार?’’ आणि ते खरंच आहे. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाचसहा पट करंट ओढते. फ्रिजचा कंप्रेसरही तेच करतो. म्हणून जनरेटर बेरजेवर घ्यायचा नसतो, सगळ्यात मोठ्या मोटरीच्या लाथेवर घ्यायचा असतो. त्यात दुकानदार सांगतो केव्हीए आणि गिऱ्हाईक समजतं किलोवॉट. पाच केव्हीए म्हणजे साधारण चारच किलोवॉट हाती लागतात, हे काका तुमच्याकडून तीनदा म्हणवून घेतात.

लहान घेतलात तर पंप नुसता हुंकार देतो. पण काकांचा खरा राग मोठ्या घेणाऱ्यांवर. गावात एका ठेकेदाराने पंधरा केव्हीएचं डिझेल यंत्र आणलंय आणि त्यावर दोन पंखे आणि टीव्ही चालतो. एवढ्याशा लोडवर इंजिन नीट तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेल ठिबकतं. काका पाहुण्यांना हर्णैचा किल्ला दाखवून झाला की ते ठिबकणं दाखवायला नेतात.

त्यांच्या स्वतःच्या घरचा जनरेटर इतका मापात बसवलाय की काका अंगणातून ‘‘पंऽऽप!’’ अशी आरोळी ठोकतात, तेव्हा घरात फ्रिज बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. पंपाने दम धरला की मग एकेक चालू. मिक्सरला तर परवानगीच नाही. काकू चटणी पाट्यावर वाटतात आणि काका ती ‘शून्य वॉट’ म्हणून चवीने खातात. काकूंचं मत अजून कुणी विचारलेलं नाही.

दोन गोष्टींवर मात्र काका विनोद करत नाहीत. जनरेटर पडवीत, माजघरात, खिडकीखाली ठेवायचा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. आणि चेंजओव्हर स्विच न बसवता घराच्या वायरिंगला जोडायचा नाही. तुमची वीज उलटी मीटरमधून ट्रान्सफॉर्मरकडे जाते, तिथे तिचा दाब चढतो, आणि लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेला पोरगा तिला हात लावतो. हे सांगताना काका खुर्चीतून उठून उभे राहतात.

तेव्हा घ्यायचा असेल तर त्यांना मे महिन्यात बोलवा, पाऊस लागल्यावर नको. तेव्हा ते मिळत नाहीत. फ्रिजमागचं आधी झाडून ठेवा, पंपाची पाटी पुसून ठेवा. चहा दोनदा लागेल. फक्त ‘शेजाऱ्यांनी कितीचा घेतलाय?’ हे विचारू नका. तेवढं ऐकलं की काका पेन्सिल कानावर ठेवतात आणि चालू लागतात.