गुरुजींचा ज्वालामुखी

मे महिन्यात परभणीत दुपारी बाराला रस्ते ओस पडतात आणि उपरणं गुंडाळलेली माणसं भिंतीच्या सावलीला धरून चालतात. अशा गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी सहलीला कुठं जायचं ठरवावं? तर ज्वालामुखी बघायला!

“अहो, इथं काय कमी भाजतंय?” हा काकूंचा सवाल रास्तच होता.

पण गुरुजींनी हयातभर भूगोल शिकवलेला. ‘भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी : बॅरन बेट’ हे फळ्यावर लिहून लिहून त्यांचे खडू झिजले होते. सिकंदराबादपर्यंत रेल्वे, तिथून विमान आणि मुक्काम पोर्ट ब्लेअर. २०२४पासून त्याचं नाव श्री विजयपुरम. गुरुजी अजून जुनंच घेतात.

बॅरन तिथून सुमारे १३५ किलोमीटर, भर समुद्रात. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची नोंद झाली. पुढे कधीतरी तो सुमारे दीडशे वर्षं गपगार झोपला आणि १९९१ साली उठला. जानेवारी २०१७मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याला राख ओकताना जहाजावरून पाहिलं. सप्टेंबर २०२५मध्येही तो धुमसला. पर्यटकांना बेटावर उतरता येत नाही. बघायचं ते बोटीतून. वस्ती नाही, रानटी झालेल्या शेळ्या तेवढ्या आहेत.

“शेळ्यांना परमिट लागत नाही वाटतं,” काकू म्हणाल्या.

सहलवाल्यांच्या पत्रकात ‘ज्वालामुखी’ छापलेलं होतं, ते खोटंही नव्हतं. फक्त तो निघाला बॅरनचा नव्हे, बाराटांग बेटावरचा, चिखलाचा. जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं, बोटीनं खाडी ओलांडायची आणि कुंपणापलीकडे बघायचं: राखाडी, थंडगार चिखल. मधूनच एक बुडबुडा फुगतो, विचार करतो आणि फुटतो. जमिनीखालचा वायू चिखल वर ढकलतो. आगीचा संबंध नाही.

“जुलैत आपल्या बांधावर याहून जास्त असतो,” काकूंनी निकाल दिला. फोटो मात्र काढला.

खरी गंमत इकडे परभणीत, गुरुजींच्या पायाखालीच होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. आजही तो खडक पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलाय आणि परभणी त्यावरच बसलीय. शिखर नाही, धूर नाही, म्हणून कुणी फोटो काढत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनाही हा पुरावा अजून सुचलेला दिसत नाही! कापूस-तुरीचं काळं रान म्हणजे त्याच खडकाची झीज होऊन झालेली माती. विहीर खणताना वर काळी, खाली मुरूम, मग मांजऱ्या दगड, मग फोडता फुटत नाही असा पाषाण. कधी मधेच लाल पट्टा लागतो; तो दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत तयार झालेला.

तेव्हा बॅरनची बोट मिळेल तेव्हा मिळेल. शिवारात कुठं विहिरीचं काम चालू असेल तर काठावरून वाकून बघून या. तिकीट नाही, परमिट नाही. सुरुंग लावताना तेवढं लांब राहा.